मासे ठणठणीत, पण गोगलगायी आठवड्यात खलास: आमच्या खाऱ्या टाकीत नेमकं काय चुकत होतं

ज्यांची पहिलीच छोटी खाऱ्या पाण्याची टाकी आहे, मासे मस्त खातायत पितायत, पण गोगलगायी, हर्मिट खेकडे, श्रिंप असलं काही आणलं की आठवडाभरात वाळूवर उलटं पडलेलं सापडतं, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी चार महिन्यात तीन बॅचा घालवल्या, चौदा गोगलगायी आणि एक क्लीनर श्रिंप. तिसऱ्या बॅचनंतर बायको म्हणाली की आता तू मासे पाळतोयस का गोगलगायींची स्मशानभूमी चालवतोयस ते एकदा ठरव.

टाकी साधी आहे. दोन फुटी, दगड वाळू जाऊन निव्वळ पाणी धरा ६० लिटर, मागे लटकणारा फिल्टर, एक छोटा वेव्हमेकर, दगड सगळे कोरडे, कृत्रिम. (कोणी तुम्हाला समुद्रातून काढलेलं पोवळं नाहीतर त्याचे तुकडे स्वस्तात देतो म्हणालं तर हात जोडा, खडकाळ पोवळी १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत.) गणपती झाल्यावर पाणी भरलं, मासा न टाकता नुसता अमोनिया घालून पाच आठवडे सायकल केली (म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू वाढू दिले), अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आलं, मग दोन क्लाउन मासे सोडले. इथपर्यंत सगळं पुस्तकात असतं तसं.

मग आला तो तपकिरी थर. नव्या टाकीत येतोच, डायटम म्हणतात, एक प्रकारचं बारीक शेवाळ, वाळूवर कोको पावडर सांडल्यासारखा दिसतो, पुसला की दुसऱ्या दिवशी परत हजर. तो खायला म्हणून ऑक्टोबरात पाच गोगलगायी आणल्या, तीन नेराइट आणि दोन ट्रोकस. महिनाभर मस्त, रात्री काचेवर फिरायच्या आणि सकाळी त्यांच्या चरण्याच्या वाकड्यातिकड्या पट्ट्या दिसायच्या. दिवाळी झाली, आणि नोव्हेंबरच्या मधल्या आठवड्यात त्या काच सोडायला लागल्या.

हे कसं दिसतं ते सांगतो कारण ओळखणं महत्त्वाचंय. निरोगी गोगलगाय काचेला इतकी घट्ट चिकटलेली असते की बोटाने ओढावी लागते. ह्या नुसतं पाणी हललं तरी गळून पडायच्या, पडल्या की पाय अर्धा बाहेर, लोंबकळलेला, आणि बोट लावलं की आत घ्यायला दोन-तीन सेकंद लागायचे, जे झटक्यात व्हायला पाहिजे. सरळ करून ठेवली तरी तासाभराने परत त्याच जागी, जरा हललेली नाही. दुसऱ्या दिवशी शंखाच्या तोंडाचं झाकण उघडंच. मेली का नाही कळत नसेल तर बाहेर काढून वास घ्या, पण लांबून घ्या, आमच्या डायनिंग टेबलाजवळ मी हा प्रयोग एकदा केलाय आणि परत करायची परवानगी नाहीये.

डिसेंबरात दुसरी बॅच आणली, पाच. आठ दिवस. जानेवारीच्या शेवटी चार आणि सोबत हौसेने तो श्रिंप. श्रिंपने दुसऱ्या रात्री कात टाकली आणि कातीशेजारीच तो पण आडवा. गोगलगायी सहाव्या दिवशी. आता बघा, पहिली बॅच महिनाभर जगली, दुसरी आठ दिवस आणि तिसरी सहा. म्हणजे टाकीत काहीतरी वाढत चाललंय, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. नाही कळलं, कारण मी दुकानदाराला शिव्या देण्यात बिझी होतो.

दुकानदारावर संशय अगदीच चुकीचा होता असं नाही. बरीच दुकानं नुसत्या माशांच्या टाक्या कमी खारटपणावर चालवतात, ग्रॅव्हिटी (म्हणजे गोड्या पाण्याच्या तुलनेत घनता) १.०२० च्या आसपास, मीठ वाचतं आणि परजीवी जरा दबून राहतात. तिथली गोगलगाय आणून तासाभरात १.०२५ मध्ये टाकली तर तिला तो झटका सोसत नाही, मासा सोसतो. म्हणून तिसऱ्या बॅचला मी आधी दुकानातलंच पाणी मोजलं, मग सलाइनच्या नळीला गाठ मारून थेंब थेंब टाकीचं पाणी सोडत तीन तास काढले. आई दोनदा येऊन बघून गेली, कोण ॲडमिट आहे म्हणून. तरी मेल्या.

मग खारटपणा. माझ्याकडे तो काट्याचा प्लास्टिकचा हायड्रोमीटर होता आणि तो दर वेळी १.०२५ दाखवायचा, मी खूश. एकाचा रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वाकतो त्यावरून खारटपणा मोजतो) मागून आणला तर ३८ पीपीटी, म्हणजे हजार भागांत ३८ भाग मीठ, पाहिजे ३५. काट्यावर मिठाचा पांढरा थर बसलेला, त्याच्या वजनाने काटा खाली राहतो आणि पाणी खरं आहे त्यापेक्षा कमी खारट दाखवतो. उलट काट्याला हवेचे बुडबुडे चिकटले तर तो वर जातो आणि जास्त दाखवतो. त्यामुळे तसला वापरत असाल तर प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुवा आणि टिचकी मारून बुडबुडे काढा, आणि रिफ्रॅक्टोमीटर घेतलात तर नुसत्या साध्या पाण्यावर शून्य लावून थांबू नका, ३५ पीपीटीचं कॅलिब्रेशन सोल्युशन मिळतं त्याच्यावर लावा.

३८ म्हणजे वाईटच, पण चौदा जीव मारायला ते पुरेसं वाटत नव्हतं. तरी मी पाच लिटर खारं पाणी काढलं आणि तितकंच गोडं पाणी आठवडाभरात थोडं थोडं करून घातलं, ३५ वर आणलं. गंमत पुढे कळेल, तो पण माझा गाढवपणाच होता.

तापमान? लोक म्हणाले पुण्याचा उन्हाळा. अरे पण मेल्या डिसेंबर-जानेवारीत, तेव्हा हीटर लावून मी पाणी २५ वर धरत होतो. उन्हाळ्यात पाणी ३१ च्या वर जातं, त्यात ऑक्सिजन कमी मावतो, ते वेगळं दुखणं. मग मी गुरुवार पकडला. आमच्याकडे मेंटेनन्सची लाइट जाते ती गुरुवारी, पाणीही बऱ्याचदा गुरुवारीच बंद, तर म्हटलं दुपारी पंप बंद पडून ऑक्सिजन संपत असणार. कॅलेंडरवर कोण कुठल्या वारी मेलं ते लिहिलं, दूधवाल्याच्या खाड्यांच्या खाली. सोमवार, शनिवार, मंगळवार, काहीही. शिवाय ऑक्सिजन कमी पडला असता तर आधी मासे वर येऊन धापा टाकायला लागले असते. बॅटरीवरचा एअर पंप मात्र त्या नादात घेतला, तो तसाही घ्याच.

आता मूळ मुद्दा. मासे ठणठणीत आणि बिनकण्याचे जीव तेवढे मरतायत असं असेल तर अमोनिया, ऑक्सिजन वगैरे सगळं एका बाजूला ठेवा आणि पहिला प्रश्न विचारा, पाण्यात तांबं आहे का. माशांना तांब्याचं औषधच देतात, पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झाला की वेगळ्या टाकीत लिटरला साधारण ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅमवर ठेवून उपचार करतात, मासा ते सहन करतो, रोगाचा परजीवी करत नाही. आणि गोगलगाय, खेकडा, श्रिंप, पोवळी यांना त्याच्या कितीतरी खालचा डोस पुरतो. हे मला माहीत होतं हो. पण मी टाकीत कधी औषध घातलंच नव्हतं, टाकी सेकंडहँड नव्हती, मग तांबं येणार कुठून, म्हणून मी तो मुद्दा पहिल्याच दिवशी खोडून टाकला होता. टेस्ट किट पण आणला, त्यात शून्यानंतरची पहिली पायरीच ०.२५, त्यामुळे त्याने शून्य दाखवलं. खरं तर ०.२५ च्या खाली काय चाललंय ते त्याला दिसतच नाही, पण मी शून्य वाचलं आणि सुटलो.

ओळखीतल्या एका जुन्या माणसाने सांगितलं, किट सोड, पॉलीफिल्टर नावाचं पांढरं पॅड मिळतं त्याचा तुकडा फिल्टरमध्ये घाल आणि रंग बघ. हे पॅड साधी घाण ओढून तपकिरी होत जातं, पण तांबं ओढलं की निळं पडतं. हाताच्या तळव्याएवढा तुकडा घातला. दोन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी काढला तर मधे मळकट, आणि जिकडून पाणी आत शिरतं त्या कडेला निळसर, एकदम हलका, शाळेच्या शर्टाला जास्त नीळ लागावी तसा. खिडकीत नेऊन बघितला, बायकोला दाखवला, मुलीला दाखवला, कारण मला वाटलं माझ्या मनाचे खेळ आहेत. मुलगी म्हणाली, बाबा ब्लूच आहे.

बरं, तांबं आहे, मग आलं कुठून. पहिल्यांदा टाकीत काय काय धातूचं आहे ते बघितलं, हीटर, चुंबक, क्लिपा. काही नाही. मग म्हटलं टाकीत रोज काय जातं. खाणं जातं आणि पाणी जातं. पुण्याची हिवाळ्यातली हवा इतकी कोरडी असते की उघड्या दोन फुटी टाकीतून दिवसाला लिटरभर पाणी आरामात उडतं, उन्हाळ्यात पंखा लावला की त्याहून जास्त. उडतं ते निव्वळ पाणी, मीठ मागे राहतं, म्हणून रोज गोड्या पाण्याने लेव्हल भरायची असते. पाच-सहा दिवस विसरलात आणि सहा लिटर उडालं तर ६० लिटरमधलं ३५ चं जवळजवळ ३९ होतं. मी विसरत नव्हतो. मी रोज न चुकता किचनमधल्या आरओचं पाणी घालत होतो.

ओट्याशी जाऊन पहिल्यांदा त्या प्युरिफायरकडे नीट बघितलं. बाजूला एक पारदर्शक नळकांडी, आत तांबूस गोळ्या. ही कधी आली? तर दिवाळीच्या साफसफाईत सर्व्हिसवाला आला होता, मी ऑफिसला होतो, त्याने फिल्टर बदलले आणि वर "मॅडम कॉपरवालं पण टाकून देतो, स्कीममध्ये आहे" म्हणून ते बसवून गेला. आई तर एकदम खूश, कारण ती वर्षानुवर्षं रात्री तांब्याच्या भांड्यात पाणी भरून ठेवते आणि आता मशीनच तिच्या बाजूने झालं होतं. मी डोक्याला हात लावून बसलो तर म्हणते, "अरे तांब्याचं पाणी चांगलं असतं, तूच पीत नाहीस." माणसाला चांगलं असेल गं आई. गोगलगायीला नाही.

आता हिशोब बघा, आकडे समजा म्हणून धरतोय. त्या नळकांडीतून लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम तांबं आलं, पिण्याच्या पाण्याच्या दृष्टीने हे काहीच नाही. रोज एक लिटर घातलं, महिन्यात ३ मिलिग्रॅम. पाणी उडून गेलं, तांबं कुठे जाणार, राहिलं. ६० लिटरमध्ये ते झालं लिटरला ०.०५. दुसऱ्या महिन्यात अजून तेवढंच, शिवाय दर आठवड्याला बदलायचं दहा लिटर खारं पाणी मी त्याच तोटीचं कालवत होतो, ते वेगळं. थोडं दगड आणि वाळू शोषून घेतात, पण तो पण उपकार नाहीये, नंतर तेच हळूहळू परत सोडतात. आणि खारटपणा उतरवायला मी जे पाच लिटर गोडं पाणी घातलं ना, ते पण त्याच तोटीचं.

अजून एक. सर्व्हिसवाल्याने जाता जाता चव यावी म्हणून टीडीएसचा (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा) व्हॉल्व्ह पण उघडा केला होता. घरच्या बहुतेक आरओत हा असतो, मेंब्रेनमधून गाळलेल्या पाण्यात थोडं न गाळलेलं पाणी मिसळतो. पिण्यासाठी ठीक आहे, पण त्याच्याबरोबर सिलिकेट, नायट्रेट सगळं आत येतं, आणि डायटमचं कवच सिलिकेटचंच बनतं. म्हणजे तो तपकिरी थर जाता जात नव्हता त्याचं कारण, म्हणजेच परत परत गोगलगायी आणायचं कारण, आणि त्या मरायचं कारण, दोन्ही एकाच तोटीतून येत होतं. टीडीएस मीटर माझ्याकडे होता, पण मी मोजत होतो नळाचं पाणी. प्युरिफायरच्या तोटीचं मोजलं तर ६२.

आणि मीटर ६२ दाखवतो म्हणजे काय आहे ते सांगत नाही, पाण्यातून वीज किती जाते त्यावरून आकडा काढतो. त्या ६२ मध्ये कॅल्शियम किती आणि तांबं किती त्याला काही माहीत नाही. म्हणून आकडा शून्य पाहिजे, "पन्नासच्या खाली चालतं" हे गोड्या पाण्याच्या टाकीवाल्यांचं गणित आहे.

उपाय मी असा केला. प्युरिफायर उघडायला प्लंबर लागत नाही, पाव इंची पांढऱ्या नळ्या असतात, रिंग दाबून धरली की नळी निघते. मेंब्रेनच्या डब्यातून दोन नळ्या बाहेर येतात, एक वाया जाणाऱ्या पाण्याची, तिच्यावर छोटा एफआर (प्रवाह अडवणारा तुकडा) असतो, आणि दुसरी चांगल्या पाण्याची. चांगल्या पाण्याच्या नळीवर, बाकीची कार्ट्रिजेस आणि तो टीडीएसचा व्हॉल्व्ह यायच्या आधी, एक टी आणि एक बॉल व्हॉल्व्ह बसवला, तिथून नळी काढली ती रंग बदलणारं रेझिन भरलेल्या डीआयच्या (उरलेसुरले क्षार ओढून घेणाऱ्या) नळकांडीत आणि तिथून वीस लिटरच्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये. म्हणजे आईचं तांब्याचं पाणी आईला, माझं पाणी मला, घरात शांतता. आमचं नळाचं पाणी १३०, मेंब्रेननंतर ९, डीआयनंतर शून्य. सोसायटीत टँकर यायला लागले की नळाचं ४८० पर्यंत जातं आणि रेझिन भराभर संपतं, तेव्हा मीटर जवळ ठेवा. पहिलं अर्धा-एक लिटर नेहमी फेकून द्या (कुंडीत घाला), बंद असताना मेंब्रेनमध्ये साचलेलं पाणी गढूळ नसलं तरी टीडीएस जास्त असलेलं असतं.

आरओ नसेल किंवा भाड्याच्या घरात फोडाफोडी नको असेल तर ६० लिटरच्या टाकीला डिस्टिल्ड पाण्याचे कॅन विकत आणणं परवडतं, फक्त बॅटरीत घालायचं म्हणून जे मिळतं ते आधी मीटरने मोजून घ्या. मिनरल वॉटरची बाटली नको, नावातच मिनरल आहे. आणि "अलिबागहून दोन कॅन भरून आण की" असं सांगणारा मित्र प्रत्येकाला असतो, त्याला सांगा की किनाऱ्यालगतचं पाणी गढूळ असतं, पावसाळ्यात खाड्यांमुळे खारटपणा उतरलेला असतो, आणि आपल्याला मासेच खायला जायचंय ते सरळ सांग.

आत बसलेलं तांबं काढायला वेळ लागतो, घाई करू नका. मी दर चार दिवसांनी १२ लिटर पाणी बदललं, सहा वेळा, अर्थात शून्य टीडीएसच्या पाण्यात मीठ कालवून, लिटरला साधारण ३६-३७ ग्रॅम, आणि रात्रभर पंप लावून, मगच मोजून. फिल्टरमध्ये नवं कार्बन आणि पॅडचा नवा तुकडा. दुसरा तुकडा पण कडेला निळा झाला, पहिल्यापेक्षा कमी. तिसरा नुसता तपकिरी. वाळू मात्र मी अर्धी काढून टाकून नवीन घातली, ते गरजेचं होतं का नाही सांगता येत नाही, मला ती बघवत नव्हती.

ह्या सगळ्यात एक वाईट सवय सापडली ती पण सांगतो. थंडीत मीठ लवकर विरघळावं म्हणून मी कालवायच्या बादलीत गिझरचं गरम पाणी थोडं मिसळायचो. बऱ्याच गिझरमध्ये कॉइल नाहीतर टाकी तांब्याची असते, गॅस गिझरला तर हमखास. ते बंद. बादलीत हीटर सोडा. पितळी तोटी, पितळी बॉल व्हॉल्व्ह, नाण्याचं काहीतरी, मुलीचा पितळेचा गणपती "समुद्रतळ" म्हणून, हे सगळं पण नको (शेवटचं आमच्याकडे खरंच घडता घडता राहिलंय).

तुमच्याकडे यातलं काहीच नसेल तर टाकी सेकंडहँड आहे का विचारा, आधीच्या मालकाने तिच्यात तांब्याचं औषध वापरलं असेल तर काचेपेक्षा दगडांचा संशय जास्त. शेवाळ मारायच्या औषधाच्या बाटलीवर मागे बारीक अक्षरात कॉपर सल्फेट लिहिलंय का बघा. आणि यातलंही काही नसेल आणि गोगलगायी महिन्या-दोन महिन्यांनी, एकेक करून, हळूहळू मरत असतील, तर ती बहुतेक उपासमार आहे. काच चकाचक झाली की त्यांना खायला राहत नाही, छोट्या टाकीत तीन-चार पुरतात. हर्मिट असेल तर तो शंखासाठी पण मारतो, रिकामे शंख टाकून ठेवा.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी एकच नेराइट आणली. एकच, कारण घरी बजेट मंजूर तेवढंच झालं. पहिले दहा दिवस ऑफिसातून आलो की बूट काढायच्या आधी टाकीपाशी. आता नऊ आठवडे होतायत, दोन ट्रोकस पण आल्यात, तपकिरी थर जवळपास गेला, आणि पाणी पंख्यावर २८ ला आहे.

परवा बायकोने विचारलं, काचेवर हे तिळासारखे पांढरे डाग कसले, ब्लेडने खरवडू का. नेराइटची अंडी आहेत. म्हटलं राहू दे.